चुलीखालचा ड्रॅगन

"याला पाय किती?" मी विचारलं.

"चार," हर्षद म्हणाला. "आणि दोन पंख."

"म्हणजे सहा झाले. सहा झुरळाला असतात. पाठीचा कणा असलेल्या जनावराला चारच. पंख पाहिजेत तर पुढचे पाय सोडावे लागतात. पाखराला विचार, वटवाघळाला विचार."

"काका, हा ड्रॅगन आहे."

"मग मोठं झुरळ म्हण."

नफीसा तोंडावर हात धरून हसली. चित्र तिनेच काढलं होतं, पण तिला राग आला नाही. राग हर्षदला आला. ड्रॅगनची कल्पना त्याची होती.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. एक लांब टेबल, भिंतीला नकाशे, आणि जगात नसलेल्या गावांची नावं. ऋजुता माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी. ती, हर्षद आणि नफीसा मिळून एक खेळ तयार करत होते. पडद्यावरचा नव्हे. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगत जातो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी लोहार, कुणी वैदू, कुणी चोर. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरायचं. वाटेत राक्षस भेटतात. त्या राक्षसांचं एक वेगळं पुस्तक. ते छापायला जायला आठनऊ दिवस राहिले होते. बाकी सगळे राक्षस झाले होते, ड्रॅगन तेवढा फसला होता. खेळून बघायला आलेली माणसं त्याला हसत होती.

म्हणून ऋजुता मला घेऊन गेली. "आमच्या काकांनी सर्पोद्यानात एकतीस वर्षं मगरी सांभाळल्यात," असं तिने त्या दोघांना सांगितलं. मला घरातून उठवून न्यायचं खरं कारण दुसरंच होतं, आणि ते मला कळत होतं. माझ्या बायकोला, शालनला, जाऊन आठ महिने झाले होते. माणूस दुःखात असला की त्याला कुठल्या तरी कामाला जुंपतात, तशातली गत.

तोवर शंभर माणसं भेटून गेली असतील. सगळ्यांचं वाक्य एकच. "कुणाच्या हातात नव्हतं, रंगराव." ते वाक्य मी धरून बसलो होतो.

"वाच तरी काय लिहिलंयस," मी हर्षदला म्हणालो.

त्याने वाचलं. ड्रॅगन हजार वर्षं जगतो. त्याला सात भाषा येतात. तो गुहेत सोन्याच्या ढिगावर झोपतो. जवळ आलेल्याला कोडं घालतो. आग ओकतो.

"आग ओकतो तर दात कशाला?"

"शोभतात," नफीसा म्हणाली.

"आणि थंड रक्ताचं जनावर रात्रभर सोन्यावर झोपलं तर सकाळी त्याला हलता येणार नाही. नुसता धातू तो. उन्हात येऊन दोन तास पडावं लागेल. तेवढ्यात गावातली म्हातारी पण त्याला काठीने मारेल."

"काका, खेळणाऱ्याला हे कुठं माहीत असतं?"

"त्याला माहीत नसतं, पण त्याच्या पोटाला माहीत असतं. म्हणून तर हसतात ते. हा राक्षस नाही रे. हा म्हातारा मास्तर आहे. कोडी काय घालतो, भाषा काय बोलतो. याच्यापुढं माणूस कंटाळेल, भिणार नाही."

हर्षदने कागद उलटा ठेवला. पंचविशीतला पोरगा, दाढी राखलेली, प्रत्येक गोष्टीत त्याला काही तरी खोल दिसायचं. त्या वेळी मला तो अगदीच पोकळ वाटला. खरं सांगायचं तर सगळी खोलीच पोकळ वाटली. शिकलेली, धडधाकट तीन माणसं. बाहेर माणसं खरोखर मरतात, आणि हे फासे टाकून मरणं ठरवतात.

एक वाजता डबे उघडले.

"काका, या की," ऋजुता म्हणाली. "आईने मुद्दाम झुणका दिलाय तुमच्यासाठी."

"माझा शनिवार असतो."

"कधीपासून?"

"असतो," मी म्हणालो, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

बुधवारी मी न बोलावता गेलो. खेळाचं प्रेम आलं होतं असं नाही. घरी दुपारी अडीचला मागच्या दारात एक तांबडं कुत्रं येऊन उभं राहायचं. हाकललं तरी जायचं नाही, भुंकायचंही नाही, नुसतं दाराकडे बघत राहायचं. ते मला नको असायचं. म्हणून मी अडीचच्या आत कुठं तरी निघून जायचो.

हर्षद तयारीतच होता. "तुम्हीच सांगा काका. भीती वाटेल असा ड्रॅगन कसा पाहिजे?"

"आधी त्याचं बोलणं बंद कर. बोलणाऱ्याला पटवता येतं, फसवता येतं, काही नाही तर शिव्या देता येतात. सोनं काढ. आग काढ. त्याचा राग काढ."

"राग पण?"

"चिडलेल्या जनावराला मी कधी भ्यालो नाही. ते आधी सांगतं. नाग फणा काढतो, घोणस शिट्टी घालते, मगर फुत्कारते. सांगतं की, मागं हो. भ्यायचं ते गप्प पडलेल्याला. मगर पाण्यात ओंडक्यागत पडलेली असते. तू रोज काठावर बादली विसळतोस. तिचा तुझ्यावर राग नसतो. तुझं नाव, गाव, तू चांगला का वाईट, तिला काही घेणं नसतं. ती नुसती असते. आणि एक दिवस तुझा हात नसतो."

नफीसाने कोरा कागद पुढं ओढला. "मोठा किती?"

"बारीक. करंगळीएवढा असतो घरात येतो तेव्हा."

"घरात?"

"थंड रक्ताचं जनावर, ऊब शोधणार. गुहेत कशाला मरायला जाईल? घरात येणार. चुलीखाली जाऊन बसणार. तिथंच वाढणार. वरची माणसं रोज चूल पेटवतात, हा खाली रोज थोडा मोठा होतो."

"खातो काय?" हर्षदने विचारलं. "माणसं?"

"माणसं नाही. भूक. वरच्या माणसाची भूक खातो. घरातल्या सगळ्यांची नाही, एकाचीच. जो चुलीपाशी जास्त बसतो, त्याची."

खाली झेरॉक्सचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं. ऋजुता लिहून घेत होती.

"मग घरच्यांना कळत नाही? समोरचा माणूस वाळत चाललाय हे?"

"रोज बघणाऱ्याला कळत नाही. पाव्हणा सहा महिन्यांनी आला तर कळेल."

"पण काका, खेळणाऱ्यांना काही तरी खूण लागेल. नाही तर त्यांना कसं समजणार, गावात ड्रॅगन आहे म्हणून?"

"कुत्री," मी म्हणालो.

"कुत्री?"

"त्या घराजवळचं कुत्रं माजलेलं असतं."

"का?"

"उरलेलं कोण खाणार मग?"

हर्षदने टेबलावर थाप मारली. "भारी! गाव वाळलेलं आणि कुत्री लठ्ठ! काका, हे तर जबरी आहे!" तो उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आला. ऋजुताचं लिहिणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन वाजले होते.

"तुमच्याकडं असं व्हायचं का?" नफीसाने विचारलं. "एखाद्या जनावराने खायचं सोडलं?"

"व्हायचं की. पण आमच्याकडं वही असायची. रोज प्रत्येक पिंजऱ्याची एक ओळ. काय घातलं, किती खाल्लं, किती टाकलं. आमचे जुने जमादार सांगायचे, जनावर बोलत नाही, ताट बोलतं. थंडीत मगर खात नाही, ते चालतं. उन्हाळ्यात दोन वेळा मांस टाकलं, की संपलं, धावायचं. आमची गंगी होती, नऊ फुटी मगर. मे महिन्यात तिने लागोपाठ दोन वेळा टाकलं. डॉक्टरसाहेब सुट्टीवर, त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मी भर मांडवात गेलो. म्हणालो, साहेब, गंगी जेवत नाही. पाव्हणे हसायला लागले, त्यांना वाटलं माझी मुलगी. साहेब तसेच जरीच्या टोपीत आले. पोटातून चप्पल निघाली. कुणा लेकाने पाण्यात फेकलेली, रबराची. गंगी वाचली. अजून आहे."

"दोन वेळा टाकलं आणि तुम्ही ओळखलं," नफीसा म्हणाली.

"आपलं कामच होतं ते."

मला अभिमान वाटला होता हे सांगताना. हे सांगितलं पाहिजे. ऋजुता मात्र उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

शुक्रवारी भांडण झालं.

प्रत्येक राक्षसाचं एक पान होतं. वर चित्र, खाली चौकोन. कुठं राहतो, काय खातो, जीव किती, आणि शेवटचा चौकोन, कसा मरतो. ड्रॅगनचं पान जवळजवळ भरलं होतं. नफीसाने चित्र फार चांगलं काढलं होतं. चूल, वर भाकरी भाजणारी बाई, आणि खाली मातीत गुंडाळून पडलेलं एक लांब, फिकट जनावर. डोळे मिटलेले. तोंडही नीट दिसत नव्हतं. खाली नाव लिहिलं होतं, चुलीखालचा. शेवटच्या चौकोनात मी लिहिलं होतं, मरत नाही.

"हे चालणार नाही, काका," ऋजुता म्हणाली.

"का?"

"काही तरी वाट पाहिजे. अवघड असू दे, शंभरात एकाला सापडू दे. पण पाहिजे. वाट नसेल तर तो राक्षस नाही, भिंत आहे."

"असतातच भिंती."

"मला तर आवडलं," हर्षद म्हणाला. "किती खोल आहे. नियतीच ती."

"तू गप," आम्ही दोघंही म्हणालो.

ऋजुताने खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. "समजा, चूल फोडली."

"दुसरीकडं जातो."

"आग लावली?"

"ऊबच पाहिजे त्याला."

"मंत्र? औषध?"

"सगळं करून झालेलं असतं. काही उपयोग होत नाही."

"आणि लवकर कळलं तर?" ती म्हणाली. "करंगळीएवढा असताना?"

"लवकर कळत नाही!"

माझा आवाज चढला. नफीसाची पेन्सिल थांबली. "सांगतो ना तुला, नाही कळत. कळण्यासारखं नसतंच ते. जगातले मोठमोठे डॉक्टर हात टेकतात आणि तू कोण फासे टाकून मारणार? कुणाच्या हातात नसतं ते. लिही तसं. नसेल लिहायचं तर माझा ड्रॅगन परत दे. तुझं ते सहा पायांचं झुरळ छाप."

ऋजुता लहानपणापासून शांत. तिची मावशी तशीच होती.

"बरं," ती म्हणाली. "रविवारी खेळून बघू. बाहेरची माणसं येणारेत. त्यांना नाही सापडली वाट, तर चौकोनात तुमचंच राहील. सापडली, तर ती तुमच्या हाताने तुम्ही लिहायची. सोमवारी पान छापायला जाईल. कबूल?"

"शोधू दे की," मी म्हणालो. "जन्मभर शोधू दे."

"जेवून जा आता."

"आज चतुर्थी आहे."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

रविवारी अकराला लोक जमले. एक इंजिनिअर, एक औषधाच्या दुकानाचा मालक आणि ऋजुताची एक मैत्रीण. चौथा आलाच नाही. तेवढ्यात नफीसाची अम्मी मोठा डबा घेऊन वर आली. पन्नाशीची जाडजूड बाई, जिन्याने धाप लागलेली.

"अम्मी, बस खेळायला. एक माणूस कमी आहे," नफीसा म्हणाली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही यावं लागत नाही. तू गोष्टीतलं एक माणूस व्हायचं. कोण होतेस सांग."

"मग मी स्वयंपाकीण."

सगळे हसले. मीही हसलो. लोहार, तिरंदाज, वैदू आणि एक स्वयंपाकीण. शोधा आता, म्हटलं.

हर्षद सूत्रधार झाला. ऋजुताने मला त्याच्या शेजारी बसवलं. "घरातल्या नवराबायकोचं तुम्ही बोला," ती म्हणाली. "त्यांना तुम्हीच ओळखता."

गोष्ट सुरू झाली. चौघे डोंगर उतरून एका गावात येतात. एका घरात मुक्काम करतात. दाराशी कुत्रं पडलेलं, पिंपासारखं. इंजिनिअर तिरंदाज झाला होता. त्याने नवऱ्याला विचारलं, "काय हो, घरात काही विचित्र घडतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे."

मला जराही विचार करावा लागला नाही.

"बायकोची तब्येत?"

"ठणठणीत. देवधर्म जरा वाढलाय एवढंच."

त्यांनी फासे टाकले. गोठा बघितला, विहीर बघितली, माळ्यावर चढले. शेवटी लोहाराने जमीन उकरली आणि ड्रॅगन सापडला. मग काय, बाणच बाण. हर्षद दर वेळी सांगायचा, जखम झाली, जखम भरली. औषधवाल्याने तीन प्रकारची विषं करून बघितली. इंजिनिअर घामाघूम झाला. दोन तास गेले. गोष्टीत तीन दिवस गेले. मी खुर्चीला टेकून बसलो होतो. आठ महिन्यांत एवढं बरं मला वाटलं नव्हतं. चार शहाणी माणसं, दोन तास, आणि काही करता येत नाही. बघा म्हणावं.

"मी काय म्हणते," अम्मी म्हणाली, "ही पोरं तीन दिवस नुसती मारामारी करायलीत. मी भाकरी करते सगळ्यांना."

"फासा टाका," हर्षद म्हणाला.

"भाकरी करायला फासा कशाला? तीस वर्षं करते मी."

"बरं, झाल्या भाकरी."

"सगळे जेवले?"

"जेवले."

"घरधनी?"

"जेवला," मी म्हणालो. "पोटभर."

"आणि बाई?"

"ती मागून जेवते."

"मागून म्हणजे कधी? मी चुलीपाशीच बसलीय. मला तर दिसली नाही जेवताना."

"अम्मी, आपण शस्त्र शोधतोय," इंजिनिअर म्हणाला.

"थांब रे बाबा जरा." अम्मीने फासे बाजूला सरकवले आणि टेबलावर कोपर टेकून माझ्याकडे वळली. "बाई गं, चल, दोघी बसू. वाढते तुला."

"माझा आज उपास आहे," मी म्हणालो. बाईचं मीच बोलायचं होतं.

"कसला?"

"गुरुवारचा."

"काल पण नाही जेवलीस."

"काल चतुर्थी होती."

"आणि परवा?"

"परवा... सोमवार."

"असं कसं? परवा सोमवार, काल चतुर्थी, आज गुरुवार? तुझ्या घरात वार तरी कसे फिरतात गं?" कुणी तरी हसलं. अम्मी हसली नाही. तिने आवाज खाली आणला, शेजारणीशी बोलतात तसा. "हे बघ, नवरा नाही इथं. बाप्ये सगळे बाहेर आहेत. खरं सांग मला. कधीपासून पोटात जात नाही तुझ्या?"

माझ्यापुढं कागद होता. त्या बाईला कुणी काही विचारलं तर काय, हेही मी लिहून ठेवलं होतं. बाई हसते आणि आत जाते, असं. ते म्हटलं असतं तर संपलं असतं. मी कागदाकडे बघितलं. ती आत गेली असती का, ते मला माहीत नव्हतं. शालन काय म्हणाली असती, मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"काका?" हर्षद म्हणाला. "काय म्हणते ती?"

"कार्तिकापासून," मी म्हणालो.

"बया!" अम्मी म्हणाली. "आणि सांगितलं नाहीस कुणाला? घरधन्याला कळलं नाही?"

"त्याला कुत्रं माजलेलं दिसलं," मी म्हणालो. "तो म्हणाला, हे तांबडं कुणाच्या जिवावर एवढं माजलंय. ती पण हसली."



शालन मला आधी वाढायची. मी जेवून तीनपर्यंत पडायचो. तेवढ्यात ती आपलं ताट घेऊन मागच्या दारी जायची. आधी गुरुवार होता. मग सोमवार आला, संकष्टी आली, प्रदोष आला. मी शेजाऱ्याला म्हणालो होतो, आमच्या हिचा देवधर्म फार वाढलाय. ज्येष्ठात ती मोरीत पडली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असता तर. मी ते कुणाला सांगितलं नाही. तिला जाऊन बारा दिवस झाले, पाव्हणे गेले, आणि तेराव्या दिवशी अडीचला तांबडं कुत्रं दारात येऊन उभं राहिलं. जनावर खाण्याची वेळ विसरत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला दुसरं काही कळलं नसेल, तरी ते कळत होतं. त्या मिनिटाला सगळं कळलं होतं मला. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला ते कुत्रं हाडकुळं होतं आणि संक्रांतीला गुबगुबीत. ते मी बघितलं होतं. ते बरोबर बघितलं होतं.

"म्हणजे सापडला," हर्षद हळूच म्हणाला. "मोठा झाल्यावर काही होत नाही. पण चुलीपाशी बसून तिला विचारलं, की सापडतो."

आठ दिवसांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता.

ऋजुताने पान माझ्यापुढं सरकवलं आणि पेन ठेवलं. मी शेवटच्या चौकोनातलं माझं वाक्य खोडलं. काय लिहायचं ते सुचायला वेळ लागला. मग लिहिलं : लहान असताना मरतो. घरातल्या बाईला विचारावं, तू जेवलीस का. उपास म्हणाली तर परत विचारावं. ताट बघावं.

पुस्तकात ते तसंच छापलंय. एक शब्द बदलला नाही त्यांनी. लोक सांगतात, त्या पुस्तकातला तो सगळ्यात वाईट राक्षस आहे. खेळणारे अजूनही आधी बाणच मारतात म्हणे.

इंजिनिअर आणि औषधवाला हात धुवायला गेले. अम्मीने डबा उघडला. बिर्याणी होती, आणि माझ्यासाठी म्हणून वेगळ्या पुड्यात भाकरी आणि वांग्याची भाजी. ऋजुताने तिला सांगून ठेवलं असणार. अम्मीने ताटली पुढं केली.

"भाऊ, तुम्ही जेवलाय का सकाळपासून?"

"माझा आज..." मी म्हणालो.

रविवार होता.

ती ताटली धरून तशीच उभी राहिली. परत विचारलं नाही, पण हललीही नाही.

"नाही," मी म्हणालो.